मालनची भिंत

"फोटो आणलाय का?" दिगंबर पेंटरच्या बायकोनं विचारलं.

ती दुकानाच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. पोट चांगलं पुढं आलेलं, समोर भिंतीला टेकवलेला पत्रा, आणि त्या पत्र्यावर ती खडू लावलेल्या दोऱ्यानं चौकटी पाडत होती. कुणा सरपंचाच्या मेलेल्या वडिलांचा फोटो तिच्या मांडीवर होता. त्यावरही पेन्सिलीनं बारीक चौकटी आखलेल्या. फोटोतल्या एका चौकटीत जेवढं नाक दिसतं, तेवढंच पत्र्यावरच्या मोठ्या चौकटीत काढायचं. दिगंबर पेंटरची सगळी कला तेवढीच. त्यानं काढलेलं माणूस ओळखू यायचं, पण त्यात जीव नसायचा. गावातल्या चौकाचौकांत त्याचे स्वर्गवासी पुढारी एकाच पुठ्ठ्याच्या तोंडानं उभे असायचे.

"फोटो हाय," मी म्हटलं. "पण काम पत्र्यावर न्हाई, भिंतीवर करायचंय. आमच्या गल्लीत."

आत ब्रश धूत बसलेल्या दिगंबरचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही.

"कुठली गल्ली?" बायकोनं विचारलं. सुवर्णा तिचं नाव. मला ते आधीच ठाऊक होतं.

"चिंचगल्ली."

मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. गावातली कुठलीही बाई चिंचगल्ली ऐकल्यावर आधी आपला पदर सावरते आणि मग आपल्या नवऱ्याकडं बघते. हिनं पदर सावरला. नवऱ्याकडं काही बघितलं नाही. तेवढा विश्वास होता बिचारीचा.

"कोण गेलंय?"

"मालन," मी म्हटलं, दिगंबरकडं बघत.

"आडनाव?"

"नुसतं मालन. वर भावपूर्ण श्रद्धांजली लिवायचं, मधी तिचं तोंड, खाली नाव. आन त्याच्याखाली, एड्सने निधन."

दिगंबर हात पुसत बाहेर आला. "असं कुणी लिहीत नाही," तो भिंतीला सांगितल्यासारखं बोलला. "अल्पशा आजाराने दुःखद निधन, असं लिहायची पद्धत आहे. माणूस कशानंही जाऊ दे."

"वरीसभर हातरुणात हागून हागून मेली ती. अल्पसा कुठला, पेंटर?"

"मी गल्लीत कामं करत नाही."

"अहो, संस्थेचं काम आहे ना?" सुवर्णा मधेच म्हणाली. माझ्या गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र तिनं बघितलं होतं. "संस्थेला कधी नाही म्हटलंय आपण? हायवेचे सगळे बोर्ड आपलेच आहेत." मग माझ्याकडं वळून जरा तोऱ्यात बोलली, "एड्स टाळा, सुरक्षित राहा. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या भिंतींवर मीच लिहिलंय ते. चित्रं यांची, अक्षरं माझी."

"वैनी, म्हणून तर तुमच्याकडं आले."

"मग का नको म्हणताय?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो पुन्हा आत जाऊन ब्रश धुवायला लागला.

"शोकाकुल म्हणून कुणाची नावं घालू?" सुवर्णानं विचारलं. "बोर्डाखाली ते लागतंच."

"समस्त चिंचगल्ली."

"आणखी कुणी?"

"हाय एक. पण त्याचं नाव घ्यायला मला बंदी हाय."

तिला वाटलं असेल कुणी मोठा पुढारी असणार. ती हसली आणि पुन्हा दोरा ताणून पत्र्यावर सोडला.

बंदीचं सांगते. दिगंबर हा मालनचा माणूस होता. आमच्याकडं गिऱ्हाईक वेगळं आणि माणूस वेगळा. गिऱ्हाईक येतं आणि जातं. माणूस येतो तो जेवतो, झोपतो, भांडतो, आजारी पडला तर आपल्याच खोलीत कण्हत पडतो. दिगंबरचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून तो मालनच्या खोलीत यायचा. लग्नानंतरही यायचा. उरलेला रंग आणून तिचं दार दर दिवाळीला नव्या रंगात रंगवायचा. मालनला मी बहीण मानायची म्हणून त्याला दाजी म्हणायची. माझ्या हातचं खारं वांगं त्यानं ताट पुसून खाल्लेलं आहे.

मालन सगळ्या गिऱ्हाइकांना निरोध लावायची. त्याबाबतीत ती गल्लीत नावाजलेली होती, दारू प्यालेल्या ड्रायव्हरला धक्के मारून बाहेर काढायची. फक्त दिगंबरला लावायची नाही. "आपल्या माणसाला कुणी लावतं का?" असं मलाच उलट विचारायची, आणि वर हसायची.

पुढं ती वाळायला लागली आणि दाजींचं येणं बंद झालं. निरोप नाही, काही नाही. मी शिव्या घातल्या तर मालनला राग यायचा. शेवटी शेवटी तिनं उशाखालची भंडाऱ्याची पुडी काढली, माझ्या तळहातावर रिकामी केली आणि म्हणाली, "उचल. त्याचं नाव कुणाफुडं घेणार न्हाई म्हण. त्याचा संसार हाय." यल्लम्माचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. मी उचलला. पण त्या क्षणी मला मालनचा जेवढा राग आला, तेवढा तिच्या रोगाचाही आला नव्हता.

मी तेव्हा संस्थेत काम करायला लागले होते. गल्लीतल्या बायकांना माहिती द्यायची, तपासणीला घेऊन जायचं. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलेलं, कुणाला काय झालंय ते कुणाच्याही घरी सांगायचं नाही. म्हणजे एक भंडारा देवीचा आणि एक संस्थेचा. आणि त्याच संस्थेत मला कळलं होतं की गरोदर बाईच्या रक्तात हा रोग असला तरी बाळंतपणाच्या वेळी आईला गोळी आणि बाळाला औषध दिलं तर बाळ वाचू शकतं. फक्त आधी कळायला पाहिजे.

दिगंबरची बायको गरोदर आहे हे मी बाजारात बघितलं, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. मी त्याला मार्केट यार्डामागं गाठला.

"दाजी, वैनींची तपासणी करून आण. तुझी बी कर."

"दाजी म्हणू नको मला."

"बरं, पेंटर. मालन कशानं मेली म्हाईत हाय का?"

"काविळीनं. गल्लीतली चंद्राक्का सांगत हुती."

"चंद्राक्का सगळ्यास्नी काविळीनंच मारती. बाकी उरलेल्या टीबीनं, न्हाईतर करणीनं. एड्सनं गल्लीत आजपातूर कुणी मेलंच न्हाई."

"मला काय झालंय, बघ की. बैलागत हाय."

"मालन बी हुती."

"आन बायकूला काय सांगू, कशापायी तपासायचं? कुठं जात हुतो ते सांगू?" त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काविळीनं मेली ती. पुन्यांदा माझ्या वाटंला आलीस तर तंगडं मोडून हातात दीन."

गल्लीतल्या पोरींना त्याच वर्षी कल्पना सुचली होती. हायवेवरच्या बोर्डांवर कवटी असते, लाल फीत असते, पण आपली माणसं नसतात. ते बोर्ड बघून कुणाला वाटत नाही की हे आपल्याबद्दल आहे. आपल्या मेलेल्या बायकांची तोंडं आपल्याच भिंतीवर काढू, आणि प्रत्येकीखाली खरं काय ते लिहू. पुढाऱ्यांचे बोर्ड लागतात, आपल्यांचा का नाही. सुरुवात मालनपासून करू असं मीच म्हटलं. पेंटर कुठला, तेही मीच सुचवलं. तालुक्यात पेंटर काय तो एकटा नव्हता.

माझा बेत फार मोठा नव्हता. त्यानं चारचौघांत, त्या भिंतीखाली उभं राहून, मालन एड्सनं मेली हे आपल्या चित्राखाली लिहू दिलं की पुन्हा त्याला माझ्यापुढं काविळीचं नाव काढता येणार नव्हतं. स्वतःच्या चित्राखालचं तरी वाचेल आणि बायकोला घेऊन दवाखान्यात जाईल, असं मला वाटत होतं. नाहीतर ते पोर त्याच्या लाजेपायी जाणार होतं.

भिंत नळकोंडाळ्यामागची, नगरपालिकेची. पण गल्लीत सूर्यसुद्धा आपल्याला विचारून उगवतो असं चंद्राक्काला वाटायचं. तिच्या पोरी ठेवलेल्या तीन खोल्या त्या भिंतीसमोरच होत्या. दिगंबर शिडी आणि डबे घेऊन आला तेव्हा ती पानाची पिंक टाकून वाटेतच उभी राहिली.

"मेलेल्या बाईचं तोंड हितं? गिऱ्हाईक काय आरती करायला येतंय व्हय?"

"नळावर पाणी भरणाऱ्या बायकांसाठी हाय ते," मी म्हटलं.

"हौसे, तुला संस्थेनं पगार सुरू केला म्हणून गल्लीचा धंदा बुडवायला निघालीस. उद्या पोरी उपाशी मरतील, मग काढ तेंचीबी चित्रं."

"त्या कशानं मेल्या ते तरी खरं लिवीन."

बाजाराकडून हमाल येऊन उभे राहिले. एकानं दिगंबरला विचारलं, पेंटर, पुढच्या वर्षी आमच्या खाटेवरल्या बाईचं बी चित्र काढणार का. दुसऱ्यानं मालनचा भाव विचारला. मी त्याच्या अंगावर नळाखालची बादली उपडी केली. दिगंबरनं मागं वळून बघितलं नाही. भिंतीला चुना मारला, वाळू दिला, आणि कोळशाचा तुकडा हातात घेऊन शिडीवर चढला.

मी नळाच्या कट्ट्यावर फोटो घेऊन बसले होते. मालनचा एकच फोटो होता, संस्थेच्या दवाखान्यात कार्ड काढलं तेव्हाचा. गाल आत गेलेले, केस गळून टाळू दिसत होती, डोळे कुठंतरी भलतीकडेच. मला वाटलं, मागेल आता. माझ्याशी बोलायला जीभ जड झाली असेल, पण फोटो तर लागणारच. त्यानं मागितला नाही. कोळसा भिंतीला टेकवला आणि एका रेषेत कपाळापासून हनुवटीपर्यंत खाली आला.

बायका पाणी भरायच्या थांबल्या. घागर भरून वाहायला लागली तरी नळ कुणी बंद केला नाही. भिंतीवर मालन येत होती. भरल्या गालांची, रोग लागायच्या कितीतरी आधीची. मान जराशी डावीकडं, कुणी हाक मारली तर कोण आहे ते बघायला ती वळायची तशी. खालचा ओठ दाताखाली धरलेला, म्हणजे आता कुणाला तरी शिवी देणार आहे किंवा हसणार आहे, त्यातलं नक्की काय ते तिलाच ठाऊक नाही. जन्मात पहिल्यांदा दिगंबर पेंटरनं जिवंत माणूस काढलं होतं.

माझ्या शेजारची पोरगी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला त्याचा संताप आला, आधी होता त्याच्यापेक्षा जास्त. एवढी सगळी बाई हातात साठवून ठेवलेली, आणि ती पाणी पाणी करत होती तेव्हा हा पेलाभर पाणी द्यायला आला नव्हता.

मी शिडीखाली जाऊन उभी राहिले. "एवढी ध्यानात हुती, तर आला का न्हाईस रे?"

"बाजूला सरक," तो म्हणाला. "रंग सांडंल अंगावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुवर्णा आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात अक्षरांचे ब्रश. त्या अंगानं एवढं चालून आल्यामुळं ती धापा टाकत होती. चित्र पुरं झालं होतं, फक्त साडीच्या काठाचा हिरवा रंग तो लावत होता. ती वळणावर आली, भिंत बघितली आणि थांबली. मला वाटलं, कौतुकानं थांबली. मग डबा कट्ट्यावर ठेवून ती भिंतीजवळ गेली, आणि चुन्यावर अगदी जवळून काहीतरी शोधायला लागली.

"चौकटी कुठायत?" तिनं वर बघून विचारलं.

"पुसल्या," दिगंबर म्हणाला.

"पुसल्या? रंग अजून ओला आहे. ओल्या रंगातली रेघ पुसता येते?"

त्यानं ब्रश पुन्हा हिरव्या रंगात बुडवला. ती माझ्याकडं आली. "फोटो बघू."

मी पोलक्यातून काढून दिला. तिनं तो आधी सरळ धरला, मग आडवा धरून उन्हात तिरका केला. पेन्सिलीची एक रेघ त्यावर नव्हती. मग तिनं फोटोतलं तोंड बघितलं, भिंतीवरचं बघितलं, पुन्हा फोटोतलं बघितलं.

"ही ती बाई नाही."

"तीच हाय. मरायच्या आधी अशी झालती. भिंतीवर हाय ती आधीची."

"आधीची म्हणजे कधीची?"

मी तोंड मिटलं. आयुष्यात मला गप्प बसणं कधी एवढं जड गेलं नाही.

"बोला की, मावशी. कधीची?"

"मला बंदी हाय, वैनी."

दुकानातलं ते बोलणं तिला आठवलं असावं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. पण ती बसली नाही, की कशाचा आधार घेतला नाही. शिडीखाली गेली आणि इतक्या हळू आवाजात बोलली की पलीकडच्या हमालांना ऐकू गेलं नसेल.

"मामंजींचं चित्र काढताना तुम्हाला चौकटी लागल्या होत्या. जन्मदात्या बापाचं. आणि माझं काढतो म्हणालात, तर फोटो चांगला नाही म्हणून राहून गेलं. मी समोर बसले होते की हो. समोर बसले होते."

"घरी चल," दिगंबर म्हणाला.

"अक्षरं राहिलीत."

तिनं ब्रश काळ्या रंगात बुडवला. चित्राच्या वर हात पोचत नव्हता म्हणून चंद्राक्काच्याच खोलीतलं स्टूल तिनं न विचारता उचलून आणलं. चंद्राक्का बघत राहिली, गरोदर बाईला अडवायचं कसं ते तिला कळेना. "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून झालं. मग खाली उतरून चित्राखाली तिनं "मालन" लिहिलं. म चा कणा, न चा कणा, सगळं ओळंब्यात. मग थांबली.

"पुढं काय लिहू?" तिनं विचारलं. माझ्याकडं बघून नाही. त्याच्याकडं.

"अल्पशा आजारानं लिही बाळा," चंद्राक्का गोड आवाजात म्हणाली. "तुझी बी वेळ जवळ आलीया. कशाला असलं अभद्र लिवतीस. आन त्ये दुसरं लिवलंस तर सांगून ठेवती, रातीत डांबर फासीन त्यावर."

बोलायची माझी पाळी संपली होती हे मला कळत होतं.

"तुम्ही सांगा," सुवर्णा नवऱ्याला म्हणाली. "काय लिहू?"

"पद्धत आहे तसं लिही. अल्पशा आजाराने."

"खरं?"

"खरं."

"मग खाली या. पोटावर हात ठेवा आणि सांगा. मी लगेच लिहिते."

हमालांतला एक जण हसायला गेला आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. दिगंबर दोन पायऱ्या उतरला. त्याचा हात हिरव्या रंगानं माखला होता, तो त्यानं शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. तिनं पोटावरचा पदर जरा बाजूला केला, हात ठेवायला जागा करून दिल्यासारखा. तो तिथंच शिडीच्या पायरीवर बसला.

"हौसाक्का म्हणतीय ते लिही," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

तिनं लिहिलं. एड्सने निधन. तिचा हात हलला नाही. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या भिंतींवर लिहून लिहून बसलेलं वळण ते, ते मोडायला नवऱ्याचं पाप पुरेसं नव्हतं. मग खाली समस्त चिंचगल्ली. मग तिनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवून स्वच्छ धुतला, फडक्याला पुसला, आणि माझ्याकडं आली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"दुकानात आलात तेव्हा?"

"त्याच्या आधीपासनं."

"मी पाय पसरून बसले होते तुमच्यापुढं. माझं पोट दिसत होतं तुम्हाला. आणि मला सांगायचं सोडून भिंत रंगवत बसलात?"

"भंडारा उचललाय मी. आन नाव तर आज बी घेतलं न्हाई."

"तुमचा भंडारा गेला खड्ड्यात."

"जाऊ दे. पर आता ऐका. बाळंतपणाच्या आधी तपासलं तर बाळाला औषध देतात. बाळ वाचतंय. मला तेवढंच—"

तिनं माझ्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत. माझा स्वभाव गल्लीला ठाऊक होता, सगळ्या बायका चार पावलं मागं सरकल्या. मी हात उचलला नाही. ती गरोदर होती म्हणून नव्हे. ती थोबाडीत शिडीवर बसलेल्याची होती, आणि तिला त्या शिडीवर चढता येत नव्हतं, एवढंच.

डबा न उघडताच तिथं राहिला.

पोर वाचलं. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडंच राहतं. मुलगी झाली. ती दीड वर्षाची झाल्यावर तिला पुन्हा तपासली, निरोगी निघाली, आता कॉलेजात जाते आणि आईसारखीच फटकळ आहे. रोग सुवर्णाच्या रक्तात निघाला, दिगंबरच्याही. मालनकडून त्याला गेला की त्याच्याकडून मालनला आला, यावर गावानं पुष्कळ वर्षं तोंड चालवलं आणि दर वेळी निकाल मालनच्या विरुद्ध दिला. पुढं सरकारी गोळ्या सुरू झाल्या. सुवर्णा त्या घेते आणि अजून बोर्ड रंगवते. दिगंबरला सिव्हिलच्या रांगेत उभं राहायची लाज वाटली, तो गेला.

भिंतीवर चंद्राक्कानं बोलल्याप्रमाणं डांबर फासलं, फक्त शेवटच्या ओळीवर. सुवर्णानं येऊन ती पुन्हा लिहिली. पुन्हा फासलं, पुन्हा लिहिली. मधल्या काळात गल्लीतल्या पोरी एकेकट्या संस्थेच्या दारात यायला लागल्या. आत येऊन सगळ्या एकच विचारायच्या, हौसाक्का, आपल्या माणसाला पण लावायचा असतो का गं.

पण मला सांगायचंय ते थोबाडीत खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी सुवर्णा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. एकटीच. आत पाऊल टाकलं नाही. "चला," म्हणाली. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असून ती पुढं जाऊन बसली. सिव्हिलला उतरल्यावर मी पुढं आणि ती मागं, असं चालत गेलो. मी पाणी विचारलं तर तिनं मान फिरवली. तिला माझा तिरस्कार वाटत होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती. मला ते बरंच वाटलं. गोड बोलली असती तर मलाच सुधरलं नसतं.

तपासणीच्या खोलीत नर्सबाई होत्या, माझ्या ओळखीच्या. त्यांनी सुवर्णाला बसवलं, नाव विचारलं, गाव विचारलं, कितवा महिना ते विचारलं.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

हे त्या प्रत्येकीला विचारायच्या, आणि आम्ही संस्थेचं नाव सांगायचं अशी रीत होती. मी तोंड उघडलं.

"मालननं," सुवर्णा म्हणाली.

आदल्या दिवशी ते नाव तिनं हातानं लिहिलं होतं, पण तोंडानं घेतलं नव्हतं. पहिल्यांदाच घेत होती.

"मालन कोण? संस्थेच्या का?" नर्सबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं.

"संस्थेची नाही," सुवर्णाच म्हणाली. "गेली ती. एड्सनं."

"मग तुमची कोण?"

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. कालच्यासारखंच, खाऊ की गिळू.

"सवत," ती म्हणाली.

बाईच्या तोंडात याच्यापेक्षा कडू शब्द नसतो, आणि तिनं तो तसाच उच्चारला, दातांत धरून. पण कुठल्याही घरानं मालनला आजवर नातं दिलं नव्हतं. तिच्या आईबापांनी तिला देवीला सोडलं, दिगंबरनं तिला वळणावर सोडलं, आणि मीही बहीण म्हणायचे ते गल्लीतल्या गल्लीत. एका लग्नाच्या बाईनं, सरकारी खोलीत, परक्या माणसासमोर मालनला आपल्या घरात घेतलं होतं. मला भिंतीपुढं रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं, आणि मी ते पदरात तोंड घालून दाबून टाकलं, कारण ती बघत होती आणि तिला ते अजिबात आवडलं नसतं.

"बाही वर घ्या," नर्सबाई म्हणाल्या. सुवर्णानं घेतली.